डास दिसेनासे होतात तेव्हा

डासांविरुद्धच्या मोहिमा जगात जवळपास सगळीकडे एकाच टप्प्यावर थांबतात. हवा गार होऊ लागते, रुग्णांचे आकडे उतरतात, सापळ्यांत डास येईनासे होतात आणि हंगाम संपल्याची नोंद होते. हंगामी कामगारांना घरी पाठवले जाते, फवारणीची यंत्रे पुसून आत ठेवली जातात, उरलासुरला निधी दुसऱ्या कामाकडे वळतो. काही महिन्यांनी पहिले रुग्ण सापडले की पुन्हा धावपळ सुरू. हे वेळापत्रक उलटे आहे, असे माझे ठाम मत आहे. ज्या महिन्यांत आपण हात आवरतो, त्याच महिन्यांत डासांची संख्या सर्वांत कमी असते आणि पुढच्या वर्षाचे सगळे भवितव्य त्या मोजक्या जिवांवर टांगलेले असते.

आधी त्या रिकाम्या सापळ्याबद्दल बोलायला हवे, कारण सगळा निर्णय त्याच्या भरवशावर घेतला जातो. डास पकडण्याचे नेहमीचे सापळे दोन प्रकारच्या माद्यांना ओढतात. कार्बन डायऑक्साइड सोडणारा सापळा रक्ताच्या शोधात निघालेल्या मादीला फसवतो. कुजक्या पाण्याचा वास देणारा सापळा अंडी घालायला जागा शोधणाऱ्या मादीला बोलावतो. पण थंड प्रदेशातल्या क्युलेक्स पिपियन्स या डासाची शरद ऋतूत जन्मलेली मादी यातले काहीच करत नाही. तिला रक्त नको असते आणि तिच्या अंडाशयाची वाढ थांबलेली असते. ती फुलांचा मध आणि झाडांचे गोड रस पिऊन अंगात चरबी साठवते आणि एखाद्या तळघरात, पुलाखालच्या नळीत, गुहेत किंवा मलवाहिनीच्या कोरड्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसते. नरांशी मीलन त्याआधीच उरकलेले असते. नर थंडीत मरून जातात; मादी त्यांचे बीज पोटात सांभाळून महिनोन्‌महिने थांबते. अशी मादी सापळ्याकडे जाईल कशाला? रिकामा सापळा एवढेच सांगतो की कुणी चावत नाही आणि कुणी अंडी घालत नाही. आपण मात्र त्यातून डास संपले असा अर्थ काढतो.

ही चूक किती महागात पडू शकते, याचे उदाहरण न्यूयॉर्कमध्ये घडले. १९९९ च्या उन्हाळ्याअखेर तिथे वेस्ट नाइल हा डासांमार्फत पक्ष्यांत आणि माणसांत पसरणारा विषाणू पहिल्यांदा आढळला. ६२ जणांना आजार झाला, त्यांतल्या बहुतेकांचा मेंदूपर्यंत गेलेला गंभीर होता, आणि ७ जण दगावले. हिवाळा आला, डास दिसेनासे झाले. विषाणूही थंडीत नाहीसा होईल, ही आशा अनेकांना वाटणे स्वाभाविक होते. पण २००० च्या जानेवारी-फेब्रुवारीत संशोधकांनी लपून बसलेल्या क्युलेक्स माद्या शोधून गोळा केल्या आणि त्यांत त्यांना हा विषाणू सापडला, जिवंत अवस्थेतसुद्धा. रक्त न पिता सुप्त झालेल्या मादीच्या अंगात विषाणू आला कुठून, हा प्रश्न इथे पडतो. एक वाट ज्ञात आहे: संसर्ग झालेल्या आईकडून अंड्यांमार्फत. म्हणजे ती मादी कुणालाही न चावता विषाणू घेऊनच जन्माला येऊ शकते. पुढच्या चार-पाच वर्षांत तो विषाणू खंड ओलांडून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत गेला. सगळा दोष त्या भिंतीवरच्या माद्यांचा नव्हता. पक्ष्यांचा वाटा मोठा होता. पण पहिला हिवाळा पार करून देण्यात त्यांचा हात असणार, हे त्या पुराव्यानंतर नाकारता येत नाही.

मग मादीला कळते कसे की आता थांबायचे? बहुतेक लोक म्हणतील, थंडी वाजू लागल्यावर. तसे असते तर ती फार पूर्वीच संपली असती. थंडी पडल्यावर तयारीला लागणाऱ्या जिवाला चरबी साठवायला वेळच उरत नाही. शिवाय तापमान बेभरवशाचे असते. शरदात आठवडाभर ऊन तापते, वसंतात अचानक हिमकण पडतात. न चुकणारी खूण एकच असते, ती म्हणजे दिनमान. विषुववृत्तावर दिवस वर्षभर बारा तासांच्या आसपास राहतो, तर ५० अंश अक्षांशावर तो उन्हाळ्यात सोळा तासांच्या वर जातो आणि हिवाळ्यात आठ तासांवर येतो. हा क्रम दरवर्षी तोच, मिनिटांच्या हिशेबाने तोच. क्युलेक्सचे पिल्लू अळीच्या शेवटच्या टप्प्यात आणि कोषात असतानाच दिवसाची ही लांबी मोजते. दिवस ठरावीक मर्यादेपेक्षा लहान असेल, तर प्रौढ झाल्यावर मादीच्या शरीरातले, अंडाशयाला वाढीचा इशारा देणारे ज्युवेनाइल हॉर्मोन वाढत नाही आणि अंडाशय झोपलेलाच राहतो. बाहेर अजून उबदार असले तरीही. पाण्यात वळवळणारी एक अळी पुढच्या चार महिन्यांचा अंदाज घेते आणि त्याप्रमाणे आपले शरीर घडवते, ही गोष्ट मला दर वेळी थक्क करते.

एडिस अल्बोपिक्टस, म्हणजे अंगावर काळे-पांढरे पट्टे असलेला टायगर डास, याची रीत आणखी वेगळी आहे. इथे दिवस मोजते आई, आणि सुप्त होतात तिची अंडी. दिवस लहान होताना ती घालते ती अंडी आकाराने मोठी असतात, त्यांत चरबी जास्त असते आणि त्यांच्या कवचावर पाणी उडू न देणारा लेप अधिक असतो. आत अळी पूर्ण तयार होते, पण बाहेर येत नाही. पाऊस पडून अंडे पाण्यात बुडाले तरी ती दार उघडत नाही. योग्य वेळेची वाट पाहते. हेच कौशल्य बरोबर घेऊन हा डास जुन्या टायरांच्या व्यापारातून जगभर पसरला. १९७९ मध्ये तो अल्बानियात आढळला, १९८५ मध्ये टेक्सासमधल्या ह्यूस्टन परिसरात, १९९० मध्ये इटलीत. अमेरिकेत आलेल्या डासांचे मूळ जपानसारख्या समशीतोष्ण भागात असल्याने त्यांना थंडी कशी काढायची हे आधीच ठाऊक होते. उष्ण कटिबंधातल्या त्याच जातीच्या डासांत हे वळण जवळपास नसते. इटलीत २००७ मध्ये या डासाने चिकुनगुन्याची साथ पसरवली आणि दोनशेहून अधिक लोक आजारी पडले. बाहेरून आलेल्या एका प्रवाशाबरोबर विषाणू आला होता, पण त्याला पसरायला लागणारे डास तिथे आधीच वर्षानुवर्षे हिवाळे काढून बसलेले होते.

दिनमान बदलत नाही. तापमान मात्र बदलते आहे, आणि त्यामुळे जुना मेळ बिघडतो. दिवस लहान झाला म्हणून डास थांबायला निघतो, पण बाहेर अजून महिनाभर अंडी घालण्याजोगी ऊब असते. अशा वेळी जे जरा उशिरा थांबतात त्यांची पिल्ले वाढतात आणि पिढ्यान्‌पिढ्या तोच स्वभाव रुजत जातो. विल्यम ब्रॅडशॉ आणि क्रिस्टिना होल्झापफेल या संशोधक दांपत्याने हे उत्तर अमेरिकेतल्या वायोमिया स्मिथी या डासात दाखवून दिले. हा डास जांभळ्या घटपर्णी या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानांत साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अळीच्या रूपात हिवाळा काढतो. १९७२ ते १९९६ या काळात त्याची दिनमानाची मर्यादा इतकी सरकली की ५० अंश अक्षांशावर तो शरदात नऊ दिवस उशिरा सुप्त होऊ लागला. हा बदल अंगभूत, म्हणजे जनुकांत झालेला होता आणि तो अवघ्या पाच वर्षांतही मोजता येत होता. त्यांचा लेख २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. टायगर डासानेही अमेरिकेत शिरल्यावर दोन दशकांच्या आत उत्तरेला वेगळी आणि दक्षिणेला वेगळी मर्यादा आत्मसात केली. डासांचे वेळापत्रक आपल्या डोळ्यांदेखत सरकते आहे. आपल्या यंत्रणेचे मात्र ठरलेल्या तारखांनाच सुरू होते आणि संपते.

तापमानाविषयी बोलताना एक सोपे विधान नेहमी कानावर पडते: जग तापेल तसे डास वाढतील. मला हे विधान अर्धवट आणि म्हणून घातक वाटते. उष्णता डासाच्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट वेगात करते, पण एका हद्दीपर्यंतच. अळीची वाढ जलद होते, रक्त लवकर पचते, अंडी लवकर तयार होतात. त्याच वेळी डासाचे आकारमान घटते आणि आयुष्यही घटते. ही सगळी गणिते एकत्र केली की रोग पसरण्याचा आलेख टेकडीसारखा दिसतो: चढतो, माथा गाठतो आणि उतरतो. डेंगी पसरवणाऱ्या एडिस इजिप्तीसाठी हा माथा सुमारे २९ अंश सेल्सिअसला येतो, टायगर डासासाठी २६ च्या आसपास, आणि फाल्सिपेरम या परजीवीमुळे होणाऱ्या सर्वांत घातक हिवतापासाठी २५ च्या आसपास. हिवतापासाठी पूर्वी ३१ अंश सर्वांत पोषक मानले जात असे. संशोधक एरिन मॉर्डेकाय आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तो समज खोडून काढला. तेव्हा आधीच होरपळणाऱ्या भागांत आणखी उष्णतेने हिवताप उतरूही शकतो. धोका वाढतो तो थंड कडेला, म्हणजे डोंगरांवर, उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या सीमांवर, आणि माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर्षाच्या कडेला. मधले महिने आधीच पुरेसे उबदार असतात. दोन अंशांची वाढ खरा फरक घडवते ती वसंताच्या सुरुवातीला आणि शरदाच्या अखेरीस.

तो फरक किती मोठा असतो, हे रोगजंतूच्या बाजूने पाहिले की समजते. डासाने रुग्णाचे रक्त प्यायल्यावर लगेच तो रोग देऊ शकत नाही. विषाणूला किंवा परजीवीला त्याच्या शरीरात वाढून लाळेपर्यंत पोहोचावे लागते. डेंगीच्या विषाणूला यासाठी २५ अंशांना सरासरी १५ दिवस लागतात आणि ३० अंशांना साडेसहा. आता समजा, रोज दहातला एक डास मरतो. १५ दिवसांनी शंभरातले वीसच उरतील, साडेसहा दिवसांनी पन्नास. डासांची संख्या न वाढताही रोग देऊ शकणारे डास अडीचपट झाले. फाल्सिपेरम परजीवीसाठी जुने प्रचलित सूत्र १६ अंशांपासून मोजते: १८ अंशांना सुमारे ५५ दिवस, २० अंशांना २८, २५ अंशांना १२. पंचावन्न दिवस जगणारा डास विरळा. म्हणून १८ अंशांच्या प्रदेशात डास असूनही हिवताप क्वचित दिसतो आणि दोन-चार अंशांची वाढ तिथे दार उघडून देते. फवारणीचा हंगाम ठरवताना गेल्या वर्षीच्या रुग्णांची संख्या पाहण्याऐवजी हे आकडे कुणी का पाहत नाही, हे मला कधीच उमगलेले नाही.

सुप्तावस्था म्हणजे फक्त थंडीची गोष्ट, असेही समजू नये. पश्चिम आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यात कोरड्या ऋतूत महिनोन्‌महिने पाणी नसते आणि हिवतापाचे डास नाहीसे होतात. पहिला पाऊस पडला की काही दिवसांत ते पुन्हा हजर. एवढ्या थोड्या दिवसांत एवढे डास नव्याने जन्मणे शक्य नसते. मालीतल्या एका गावात संशोधकांनी कोरडा ऋतू सुरू होताना खूण करून हजारो डास सोडले होते. त्यांतली एक मादी सात महिन्यांनी, पावसाळा सुरू झाल्यावर, जिवंत सापडली. एरवी ज्या जिवाचे आयुष्य आठवड्यांत मोजतात, त्याच्यासाठी सात महिने! एडिस इजिप्तीला खरी सुप्तावस्था येत नाही, पण त्याची अंडी भांड्याच्या भिंतीला पाण्याच्या रेषेच्या जरा वर घट्ट चिकटून महिनोन्‌महिने कोरडी राहून जगतात. भांडे ओतून टाकले की काम झाले असे मानणारे इथे फसतात. भिंत घासली नाही तर अंडी तिथेच राहतात आणि पुढच्या पावसाची वाट पाहतात. प्रत्येक प्रदेशात अडचणीचा एक काळ असतो, थंडीचा नाहीतर दुष्काळाचा, आणि तो पार करण्याची एक ठरावीक युक्ती असते. प्रतिबंधाचे काम त्या युक्तीवर घाव घालण्याचे असले पाहिजे.

हे कुणी कधी करून पाहिले आहे का? पाहिले आहे, आणि जवळपास शतकापूर्वी. नेदरलँड्सच्या किनारी भागात तेव्हा व्हायवॅक्स या दुसऱ्या परजीवीचा हिवताप होता. तिथला ॲनॉफिलीस ॲट्रोपार्व्हस हा डास हिवाळ्यात अर्धवटच सुप्त होत असे. अंडी घालणे थांबवी, पण उबदार गोठ्यांत आणि माणसांच्या खोल्यांत बसून अधूनमधून रक्त पीत राही. घरातल्या एकाला हिवताप असला की शरदात तेच डास बाकीच्यांना चावत. गंमत अशी नव्हे तर शोकांतिका अशी की तिथला परजीवीसुद्धा घाई करत नसे. तो शरीरात महिनोन्‌महिने दडून बसे आणि माणूस आजारी पडे तो पुढच्या वसंतात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला. रुग्णांची रांग लागे तेव्हा त्यांना चावलेले डास कधीच मरून गेलेले असत. रुग्ण दिसल्यावर फवारणी करणाऱ्याने तिथे हवेत वार केले असते. डच शास्त्रज्ञ निकोलास स्वेलेंग्रेबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गुंता उलगडला आणि शरदात, रुग्ण नसताना, घरांत पायरेथ्रम या फुलांपासून काढलेल्या कीटकनाशकाची फवारणी करण्याचा मार्ग धरला. नेदरलँड्स हिवतापमुक्त घोषित झाले १९७० मध्ये, आणि त्यात खाऱ्या पाण्याच्या जागा गोड्या होणे, औषधोपचार, राहणीतले बदल, पुढे डीडीटी अशा अनेक गोष्टींचा वाटा आहे. पण रोगाचे वेळापत्रक समजून त्याच्या आधी पाऊल टाकण्याचा तो धडा आजही लागू पडतो. आपण तो विसरलो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

याउलट आज सर्वत्र दिसते ती धूरफवारणी, साथ भरात असताना. धूर उडत्या डासांनाच मारतो, त्याचा परिणाम काही तासांत विरतो, अंडी, अळ्या आणि कोष जसेच्या तसे राहतात. एडिसच्या माद्या तर कपाटामागे, पलंगाखाली विसावलेल्या असतात, जिथे रस्त्यावरचा धूर पोहोचतच नाही. त्याच त्या गटातली कीटकनाशके वर्षानुवर्षे वापरल्याने अनेक ठिकाणी डासांना ती भिनेनाशी झाली आहेत. साथीच्या भरात धूर मुळीच नको, असे मी म्हणत नाही. संसर्ग झालेले डास त्या क्षणी कमी करायला दुसरा उपाय हाताशी नसतो. पण वर्षभराच्या निधीचा मोठा हिस्सा त्यावर उडवणे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. धूर दिसतो, म्हणून लोकांना दिलासा मिळतो, आणि म्हणून तो सोडला जातो. थंडीतल्या एखाद्या सकाळी दोन कामगार टॉर्च घेऊन पुलाखालच्या नळ्या तपासताना कुणाला दिसत नाहीत.

माझ्या म्हणण्यावर जाणकारांचा एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. डासांची संख्या अळ्यांच्या गर्दीने ठरते, असे ते सांगतात. एका भांड्यात मावतील तितक्याच अळ्या जगतात. निम्म्या मारल्या तर उरलेल्यांना अन्न जास्त मिळते आणि प्रौढ डास तेवढेच निघतात, कधी कधी जास्तही. मग हिवाळ्यात काही माद्या कमी केल्याने काय साधणार, उन्हाळ्यात भांडी पुन्हा भरणारच. गर्दीचे हे गणित बरोबर आहे. पण ते कोणत्या महिन्यातले आहे, हे पाहायला हवे. गर्दी असते हंगामाच्या मध्यावर, आणि अर्धवट अळीनाशक फवारणी निष्फळ ठरते तीही तेव्हाच. वसंतात पाणी भरपूर आणि अळ्या मोजक्या असतात. तेव्हा मारलेल्या अळीची जागा घ्यायला दुसरी नसते. थंडी काढून आलेल्या एका मादीने दीडशे अंडी घातली आणि त्यांतून अंडी घालण्याइतक्या वयाच्या आठच माद्या तयार झाल्या असे धरले, तरी चार पिढ्यांत त्या ४०९६ होतात. इतकी अनिर्बंध वाढ फार काळ चालत नाही, हे खरे. पण गर्दी होईपर्यंतचे जे आठवडे मिळतात त्यांचा उपयोग मोठा असतो: डासांचा भर तीन-चार आठवडे पुढे ढकलला गेला, तर रोगजंतूला वाढायला लागणाऱ्या उबदार दिवसांतून तेवढे दिवस वजा होतात. थंड कडेच्या प्रदेशात एवढी वजाबाकी साथ येणे आणि न येणे यांतला फरक ठरू शकते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: लपलेले डास शोधणार कुठे? सगळे सापडणार नाहीत, हे मान्य. गुहांत तर कीटकनाशक नेऊच नये. तिथे वटवाघळेही थंडी काढत असतात आणि त्यांना विषाची किंमत मोजायला लावण्याचा आपल्याला काही अधिकार नाही. पण शोधत फिरण्यापेक्षा चांगला मार्ग दिनमानच दाखवते. क्युलेक्समध्ये हिवाळा काढतात त्या फक्त ठरावीक मर्यादेनंतर वाढलेल्या अळ्यांतून निघालेल्या माद्या. त्याआधी जन्मलेल्या बहुतेक सगळ्या थंडी पडण्यापूर्वीच मरणार असतात, आपण मारा किंवा न मारा. म्हणजे पुढच्या वर्षाची आई होऊ शकणारी पिढी वर्षातल्या काही आठवड्यांच्या पाण्यातच तयार होते. अक्षांश माहीत असला की दिवसाची लांबी कोणत्या तारखेला किती, हे मिनिटापर्यंत काढता येते. स्थानिक डासांची मर्यादा प्रयोगशाळेत तपासता येते. त्या दोन्हींचा मेळ घातला की ते आठवडे कोणते, हे कळते. उन्हाळा उतरताना, लोकांचे लक्ष डासांवरून उडालेले असताना, त्या आठवड्यांत गटारे, साचलेली डबकी, पावसाच्या पाण्याचे हौद यांत जिवाणूंपासून बनवलेले अळीनाशक टाकणे, हे मला वर्षातले सर्वांत मोलाचे काम वाटते. टायगर डासाच्या बाबतीत त्याच सुमारास सुप्त अंडी घातली जातात, म्हणून नंतरच्या थंड महिन्यांत भांडी, टायर, फुलदाण्या घासून कोरड्या ठेवणे. ते काम घरोघरीचे आहे आणि त्याला घाई नसते. अंडी चार-पाच महिने तिथेच असतात.

आपण स्वतःही डासांच्या या मोजणीत ढवळाढवळ करतो आहोत, आणि त्याबद्दल फार थोडी चर्चा होते. दिवसाची लांबी मोजणाऱ्या जिवाला रात्र अंधारी लागते. २०२० आणि २०२१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले की रात्रीच्या मंद कृत्रिम प्रकाशातही टायगर डासाची सुप्त अंडी घटतात आणि क्युलेक्सच्या माद्यांपैकी अनेक सुप्त होत नाहीत. त्यांना दिवस अजून मोठाच वाटतो. त्यात शहरांची साठवलेली उष्णता भर घालते, कारण लहान दिवसातही हवा उबदार असली की क्युलेक्सच्या बऱ्याच माद्या थांबण्याचा इशारा धुडकावून लावतात. याचा परिणाम दोन्ही बाजूंनी होऊ शकतो. जिथे खरी कडाक्याची थंडी पडते तिथे चुकलेला डास मरेल. जिथे शहरी हिवाळा सौम्य आहे तिथे तो आणखी काही आठवडे चावत राहील. म्हणून गटारांवर, तलावांच्या काठी, मलजल केंद्रांवर रात्रभर जळणारे उघडे दिवे झाकावेत, मंद करावेत, गरज नसेल तिथे विझवावेत, ही मागणी फक्त तारे पाहणाऱ्यांची राहू नये. ती आरोग्य खात्याची मागणी व्हायला हवी.

जमिनीखाली तर आपण डासांसाठी ऋतूच काढून टाकले आहेत. क्युलेक्स पिपियन्सचाच मोलेस्टस हा प्रकार पाणी भरलेल्या तळघरांत आणि भुयारी रेल्वेमार्गांत राहतो. तो सुप्त होत नाही आणि त्याची मादी पहिली अंडी रक्ताशिवायच घालू शकते. हा प्रकार लंडनच्या भुयारी रेल्वेत निर्माण झाला, ही गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली गेली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने ती खोटी ठरवली. त्याचे मूळ हजार वर्षांहून जुन्या, मध्यपूर्वेकडच्या शेतीच्या वस्त्यांत असावे असे त्यातून दिसते. भुयारांनी त्याला जन्म दिला नाही, पण थंड देशांत राहायला बारमाही उबदार घर नक्की दिले. तळघरातले पाणी उपसणे हे बांधकाम खात्याचे काम मानले जाते. या डासाच्या बाबतीत ते आरोग्याचेच काम आहे.

यासाठी नवे रसायन किंवा नवे यंत्र लागत नाही. लागतात ती वर्षभर पगारावर असलेली माणसे. हंगामी कामगार दरवर्षी नव्याने शिकतो आणि शिकून होईपर्यंत हंगाम संपतो. कुठल्या नळीत गेल्या हिवाळ्यात माद्या होत्या, कुठल्या गोदामामागे टायर साठतात, हे ज्ञान त्याच्याबरोबर निघून जाते. तीच माणसे बाराही महिने राहिली, तर थंडीत ती नळ्या तपासतील, बसलेल्या माद्या नळीने ओढून घेऊन प्रयोगशाळेत विषाणूसाठी पाठवतील, वसंतात पहिले पाणी कुठे साचते याचा नकाशा ठेवतील. निधीचे वर्षही बदलावे लागेल. रुग्णसंख्येच्या चढत्या आलेखावर पैसे सोडण्याची पद्धत राहील तोवर पैसे नेहमी उशिराच येतील, कारण आजचा रुग्ण हा दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या डासाचा हिशेब असतो आणि तो डास त्याच्या आधीच्या पिढ्यांचा. ज्या वर्षी साथ आली नाही त्या वर्षी निधी कापण्याची सवय तर सर्वांत वाईट. ज्या वर्षी डास कमी होते, त्याच वर्षीची शेवटची पिढी अडवणे सर्वांत सोपे असते.

आपापल्या गावाच्या आरोग्य अधिकाऱ्याला विचारण्यासाठी मी एक प्रश्न सुचवतो. यंदा किती वेळा धूर सोडला, हे विचारू नका. आपल्याकडच्या डासांची थंडी किंवा दुष्काळ काढणारी पिढी कोणत्या आठवड्यांत वाढते, आणि त्या आठवड्यांत कुणाला कामावर ठेवले आहे, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत ती मादी भिंतीवर बसलेली असेल, शरदात साठवलेली शिदोरी थोडी थोडी संपवत. दिवस वाढू लागले, हवा उबदार झाली, की ती उडेल, पहिले रक्त पिईल आणि थोड्याच दिवसांत पाण्यावर दीडशे-दोनशे अंड्यांचा एक छोटा तराफा सोडेल.